नामदार गोखले : एक माफी आणि एक पराभव

या अंकाच्या शेवटी नेहमीप्रमाणे वादविवाद मंडळाचा वार्षिक वृत्तान्त असेल. त्यात एक ओळ अशी असेल की, अखिल भारतीय आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत आपल्या महाविद्यालयाच्या संघाने सांघिक दुसरा क्रमांक मिळवला. त्या संघातील दोघांपैकी एक मी. स्पर्धेची हकिकत मी लिहावी असे संपादक मंडळाने सुचवले होते. मी लिहायला बसले, आणि हकिकतीऐवजी ज्यांना जाऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला अशा एका माणसाचे चरित्र लिहून झाले. असे का झाले, हे सांगण्यासाठी आधी स्पर्धेविषयी थोडे सांगायला हवे.

या स्पर्धांची पद्धत पुष्कळांना ठाऊक आहे. प्रत्येक महाविद्यालयाचे दोन वक्ते. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध. कोणी कोणती बाजू घ्यायची हे चिठ्ठी ठरवते. सात मिनिटे भाषण, पाचव्या मिनिटाला सूचनेची घंटा, मग इतर स्पर्धकांचे प्रश्न. दोघांचे गुण मिळून संघाचे गुण. आमचा विषय होता, उच्च शिक्षणावरील सरकारी खर्च कमी करून तो प्राथमिक शाळांकडे वळवावा. मला अनुकूल बाजू आली, माझ्या जोडीदाराला प्रतिकूल. आदल्या रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून आम्ही एकमेकांचे मुद्दे खोडून काढले आणि पुन्हा बांधले.

दुसऱ्या दिवशी भाषण रंगले. शेवटच्या दोन मिनिटांत मी एक आकडा फेकला. प्राथमिक शिक्षणावरचा खर्च वाढवल्याने एका राज्यात शाळा सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण किती घटले, असा तो आकडा होता. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या महाविद्यालयाचा एक विद्यार्थी उठला आणि अत्यंत नम्रपणे त्याने विचारले की, हा आकडा कुठून घेतला. मी क्षणाचाही विलंब न लावता एका सरकारी अहवालाचे नाव सांगितले, वर्षही सांगितले. तो खाली बसला. परीक्षकांनी मान डोलावली.

तसा अहवाल मी पाहिलेला नव्हता. आकडाही कुठे वाचलेला नव्हता. तो घंटा वाजण्यापूर्वी दोन वाक्ये आधी सुचला. इथे मी तो मुद्दाम पुन्हा देत नाही, कारण खोटा आकडा एकदा छापला गेला की त्याला पाय फुटतात.

करंडक घेऊन आम्ही परतलो. कार्यालयाच्या काचेच्या कपाटात तो ठेवला गेला. सत्काराच्या दिवशी आमच्या इतिहासाच्या सरांनी माझ्या भाषणाची प्रत वाचायला मागितली. त्यात सुरुवातीलाच नामदार गोखल्यांचे नाव होते. असे एखादे नाव भाषणाच्या तोंडी असले की बरे दिसते. सरांनी विचारले की, गोखल्यांविषयी तुला काय माहीत आहे. मला एकच गोष्ट माहीत होती, जी आपण सर्वांनी शाळेत असताना ऐकलेली असते. गणिते बरोबर सोडवल्याबद्दल शिक्षकांनी छोट्या गोपाळला पहिल्या जागेवर बसवले, तेव्हा त्याला रडू कोसळले, कारण त्यातले एक गणित त्याला दुसऱ्या कोणी सांगितले होते. सर हसले. ही लहानपणची गोष्ट झाली, मोठेपणी याहून अवघड गोष्ट घडली ती वाच, असे म्हणून त्यांनी ग्रंथालयातून गोखल्यांचे चरित्र आणि भाषणांचे खंड काढून माझ्या हाती दिले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते पुढे देत आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळचे वय होते तेरा. थोरले बंधू गोविंदराव तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडले, कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला कोल्हापूरला शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. मनिऑर्डर येताच कँटीनची उधारी फेडणाऱ्या आपल्यासारख्यांनी या हिशेबापाशी क्षणभर थांबावे. गोपाळरावांनी तो हिशेब जन्मभर मनात ठेवला. दुसऱ्याच्या पैशाचा, दुसऱ्याच्या विश्वासाचा आणि पुढे सबंध देशाच्या तिजोरीचा हिशेब ते ज्या काटेकोरपणे मागत, त्याचे मूळ मला या आठ रुपयांत दिसते.

मॅट्रिक झाल्यावर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले. १८८४ साली ते बी.ए. झाले. बुद्धी कुशाग्र होती, पण विजेसारखी चमकणारी नव्हती. स्मरणशक्ती आणि कष्ट हेच त्यांचे भांडवल. इंग्रजी ग्रंथांतील उताऱ्यांमागून उतारे ते मुखोद्गत करीत. अशा हुशार पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळाली असती, आणि ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन शिकवले त्या घराची अपेक्षाही तीच असणार. पण १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. म्हणजे वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची प्रतिज्ञा. टिळक आणि आगरकर तिथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक मॅकमिलन कंपनीने काढले आणि ते अनेक वर्षे शाळांतून चालले.

गोखल्यांचे खरे शिक्षण मात्र पदवीनंतर सुरू झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि हा तरुण शिक्षक रानड्यांचा शिष्य बनला. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक त्याच्याकडे आले. सरकारला पाठवायचे अर्ज, अहवालांची टिपणे, अंदाजपत्रकांची छाननी, सारे तो लिही आणि रानडे ते तपासत. एखादे विधान पुराव्यानिशी उभे राहत नसेल तर ते परत येई आणि पुन्हा लिहावे लागे. रानड्यांची शिकवण अशी होती की, सरकार हे अर्ज वाचो वा न वाचो, आपण ते लिहून आपल्याच लोकांना विचार करायला शिकवीत आहोत; तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द तोलून लिहावा.

या काळात गोखल्यांना आणखी एका माणसाचे साहाय्य लाभले, ज्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे शाळेचे हेडमास्तर. पण हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाचे त्यांचे ज्ञान असे की, सरकारी ताळेबंदातील रकाने त्यांना तोंडपाठ. मिठावरचा कर, सैन्यावरचा खर्च, विनिमयाचा दर, शेतसारा, यांचे आकडे जोशी जुळवून देत आणि गोखले ते मांडत. व्यासपीठावर एक दिसे, मागे दुसरा असे. आपल्या स्पर्धांतून वक्त्याला बक्षीस मिळते. संदर्भ शोधून देणाऱ्याला मिळत नाही. गोखल्यांचे यश पाहताना या हेडमास्तरांना विसरू नये असे मला वाटते.

१८९७ साली या शिक्षणाची मोठी परीक्षा झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये वेल्बी कमिशन बसले होते. दादाभाई नौरोजी त्या कमिशनचे सभासद होते. साक्ष देण्यासाठी हिंदुस्थानातून जे थोडे लोक गेले, त्यांत गोखले होते. वय अवघे तीस. जाताना वाटेत फ्रान्समध्ये त्यांच्या छातीला मार बसला. लंडनला पोचेपर्यंत ते कोणाला काही बोलले नाहीत, आणि मग अंथरुणाला खिळले. हृदयाचे दुखणे त्यांना पुढे आयुष्यभर पुरले. तरीही एप्रिल महिन्यात त्यांची साक्ष झाली. मुरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उलटतपासणी घेतली. प्रत्येक उत्तराला आकडा होता आणि प्रत्येक आकड्यामागे सरकारचेच पुस्तक होते. साक्ष गाजली. एखाद्या वादपटूला हेवा वाटावा असे हे यश होते.

पण ते वर्षच विलक्षण होते. इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिटीने घरे तपासण्यासाठी गोरे सोल्जर लावले होते. देवघरात, माजघरात बूट घालून शिरणे, सामान बाहेर फेकणे, रोगी उचलून नेणे, यांनी लोक संतापाने धुमसत होते. पुण्याहून गोखल्यांना विश्वासू मित्रांची पत्रे येत. काही पत्रांत याहून भयंकर मजकूर होता. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, अशी ती वार्ता होती. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली आणि तिथली वृत्तपत्रे सारा दोष पुणेकरांना देऊ लागली. हे लोक एवढे का चिडले, हे इंग्रज जनतेला कळावे म्हणून गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या पत्रातून प्लेगच्या जुलमाची हकिकत प्रसिद्ध केली, आणि त्या दोन स्त्रियांची वार्ताही तीत घातली.

मुंबई सरकारने आरोप फेटाळला आणि पुरावा मागितला. पार्लमेंटात प्रश्न निघाला. गोखले बोटीने परत निघाले. इकडे वातावरण पालटले होते. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्यापैकी कोणी पुढे येऊन साक्ष द्यायला तयार नव्हते. आमची नावे सांगू नका, अशी त्यांची विनवणी होती. मुंबईच्या बंदरात बोट लागली तेव्हा गोखल्यांच्या हाती एकही साक्षीदार उरलेला नव्हता.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून स्वतः मोकळे व्हावे, ही एक. पुरावा नसतानाही आरोपाला चिकटून राहावे, लोक डोक्यावर घेतील, ही दुसरी. तिसरी वाट सर्वांत कठीण. गोखल्यांनी ती धरली. मित्रांची नावे त्यांनी कोणालाही सांगितली नाहीत. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर पत्रक काढून आरोप बिनशर्त मागे घेतला. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीच्या सभासदांची आणि प्लेगच्या कामावरील सोल्जरांचीही माफी मागितली.

महाराष्ट्रात एकच गदारोळ झाला. टिळक तुरुंगात आणि हा प्राध्यापक सोल्जरांची माफी मागतो, हे लोकांना सहन होईना. भित्रा, सरकारधार्जिणा, अशी विशेषणे त्यांच्या नावाला चिकटली. त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तिथेही त्यांच्याविषयी तीव्र नाराजी होती. काही महिन्यांपूर्वी लंडन गाजवणाऱ्या वक्त्याला आपल्याच माणसांपुढे मान खाली घालून वावरावे लागत होते.

ही माफी योग्य होती काय, यावर आजही वाद घालता येईल. विषय स्पर्धेला ठेवला तर दोन्ही बाजूंना पुरेसे मुद्दे मिळतील. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांचा छळ झाला, हे कोणी नाकारत नाही. मग एका आरोपाचा पुरावा नाही म्हणून सोल्जरांपुढेही हात जोडायचे काय, असे विचारणाऱ्यांचा राग मला समजतो. माफीची भाषा थोडी आखडती असती तर बरे झाले असते, असे मलाही वाचताना वाटले. पण हा प्रश्न मी गोखल्यांच्या जागी उभे राहून पाहू लागले, तेव्हा दुसरेच काही दिसले. त्यांच्याजवळ निदान पत्रे होती, विश्वासू माणसांनी लिहिलेली. वार्ता खोटी आहे असे त्यांना माहीत नव्हते. ती खरी असल्याचे सिद्ध करता येत नाही, एवढेच माहीत होते. तेवढ्यासाठी त्यांनी आपले सारे नाव पणाला लावले. आणि मी? माझ्याजवळ पत्र नव्हते, मित्र नव्हता, वार्ताही नव्हती. मला पक्के ठाऊक होते की आकडा माझ्या डोक्यातून निघाला आहे. आणि मी टाळ्या घेऊन खाली बसले होते.

गोखले या प्रसंगाने खचले नाहीत. सार्वजनिक जीवन सोडावे असे वाटण्याजोगी वेळ होती, पण पुढच्या प्लेगच्या साथीत ते स्वयंसेवकांचे पथक घेऊन पुण्यातच कामाला उभे राहिले. रोग्यांची व्यवस्था पाहणे, लोकांची समजूत घालणे, अधिकाऱ्यांकडे तक्रारी नेणे, असे हे काम होते. ज्या विषयावर शब्द चुकला, त्याच विषयावर त्यांनी हातांनी उत्तर दिले. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. १९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीवर सरकार लोकप्रतिनिधींचे ऐकून घेईना, तेव्हा फिरोजशहा मेहतांच्या पाठोपाठ सभात्याग करणाऱ्यांत तेही होते. ज्याला लोक सरकारधार्जिणा म्हणत, तोच हा माणूस.

मेहतांनंतर गोखले व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तिथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. खुर्चीवर लॉर्ड कर्झन. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि सरकारचे अभिनंदन करण्याचा प्रघात होता. गोखल्यांनी अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशाच्या तिजोरीत एवढी शिल्लक पडते, याचा अर्थ देश संपन्न आहे असा नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात आहे असा होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. आवाज चढला नाही, हातवारे नव्हते. पण त्या दिवसापासून गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील भाषण ही देशातील एक वार्षिक घटना झाली. मिठावरचा कर त्या वेळी मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. सारे श्रेय एका वक्त्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण गरिबाच्या भाकरीवरच्या या कराविरुद्ध दरवर्षी त्याच जागी उभा राहून तोच मुद्दा नव्या आकड्यांनी मांडणारा माणूस तो होता.

ही भाषणे वाचताना मला सतत १८९७ साल आठवत होते. सरकारी आकडे, सरकारी अहवाल, खुद्द सरकारी अधिकाऱ्यांची विधाने, यांच्याबाहेर ते सहसा जातच नाहीत. प्रतिपक्षाला पुरावा मागायला जागाच ठेवायची नाही, ही त्यांची रीत. पुराव्याशिवाय बोललेल्या एका वाक्याची किंमत ज्याने भरली, त्याने पुन्हा तसे वाक्य उच्चारले नाही. भाषणापूर्वीचे कित्येक दिवस ते आकड्यांत गाडून घेत. आपण ज्याला वक्तृत्व म्हणतो, तो त्यांच्या बाबतीत या मेहनतीचा अगदी शेवटचा, छोटा भाग होता.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची, म्हणजेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली. मवाळ आणि जहाल यांच्या भांडणात गोखल्यांच्या वाट्याला पुन्हा कटू टीका आली. जहालांना ते फार मऊ वाटत आणि इंग्रज अधिकाऱ्यांना फार टोचत. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथल्या हिंदी लोकांच्या लढ्यात गांधीजींच्या पाठीशी उभे राहिले. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत.

माझ्या भाषणाशी ज्या घटनेचा सर्वांत जवळचा संबंध, ती मात्र सविस्तर सांगायला हवी. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे व्हावे, असा ठराव गोखल्यांनी १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. सरकारकडून काही घडले नाही, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच विधेयक आणले. ते किती सावध होते पाहा. सक्ती सबंध देशावर नाही. ज्या भागात पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच, आणि तेही तिथल्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवले आणि सरकारने मान्यता दिली तर. सुरुवात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून. ज्याची मिळकत महिना दहा रुपयांहून अधिक नाही अशा बापाकडून फी घ्यायची नाही. मुलींचा समावेश पुढच्या टप्प्यावर सोपवला होता, ही त्यातली उणीव आज आपल्याला खटकते आणि खटकलीच पाहिजे. पण एवढेसे पाऊलसुद्धा सरकारला जड वाटले. गोखल्यांनी बडोद्याचा दाखला दिला. सयाजीराव महाराजांनी आपल्या संस्थानात शिक्षण सक्तीचे करूनही दाखवले होते. उत्तर असे मिळाले की खर्च परवडणार नाही, लोकांची तशी मागणी नाही, वेळ आलेली नाही. आपल्यापैकीही कित्येक जमीनदार आणि प्रतिष्ठित सभासद सरकारच्या बाजूचे होते.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली. मतदान कसे होणार हे गोखल्यांना आधीच माहीत होते. तरी प्रत्येक आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले, एकाही प्रतिपक्ष्यावर चिडले नाहीत. समारोपात त्यांनी सांगितले त्याचा आशय असा की, विधेयक फेटाळले जाणार हे मी जाणतो, माझी तक्रार नाही. आमच्या पिढीला आपल्या अपयशांतूनच देशाची सेवा करायची आहे. मते मोजली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८.

आमच्या स्पर्धेत एवढ्या फरकाने कोणी हरले तर आम्ही त्याचे नावही लक्षात ठेवणार नाही. पण या हरलेल्या विधेयकाचे पुढे काय झाले पाहा. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. गोपाळ ज्या गावी बंधूंच्या आठ रुपयांवर शिकला, तेच हे कोल्हापूर. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा कायदा मिळाला. २००२ साली घटनेत ८६ वी दुरुस्ती होऊन शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरला. २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. आता सहा ते चौदा वर्षांची मुले आणि मुली, दोघेही त्यात आहेत. १३ मतांचा तो पराभव फळाला यायला ९८ वर्षे लागली.

हे पाहायला गोखले अर्थातच नव्हते. मधुमेह आणि हृदयविकार यांनी शरीर पोखरले होते. त्यात सार्वजनिक कामाची दगदग. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते लोकमान्य टिळक सिंहगडावरून उतरून अंत्यसंस्काराला आले आणि स्मशानात त्यांनी लोकांना गोखल्यांचा कित्ता गिरवायला सांगितले.

ग्रंथालयाची पुस्तके परत केली त्या दिवशी मी जोडीदाराला सारे सांगितले. तो संतापला, आणि ते योग्यच होते. करंडकात निम्मा वाटा त्याचा होता आणि त्याच्या भाषणात एकही चुकीचा शब्द नव्हता. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच येऊन म्हणाला की, पत्र लिही, पण माझ्या गुणांना हात लावू नका असेही त्यात लिही. मी तसे लिहिले. एक पत्र स्पर्धेच्या संयोजकांना आणि एक त्या प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या महाविद्यालयाला. मी सांगितलेला अहवाल मी पाहिलेला नाही, आकडा निराधार आहे, माझे गुण रद्द करावेत, आणि विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता, एवढाच मजकूर होता. चार ओळींच्या त्या पत्राला सात मिनिटांच्या भाषणापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. पत्रे टाकण्यापूर्वी प्राचार्यांना दाखवली. त्यांनी वाचली, काही न बोलता पाकिटात घालून महाविद्यालयाच्या शिक्क्यासह रवाना केली. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. करंडक अजून कपाटात आहे. परत मागितला तर परत जाईल.

पुढच्या वर्षी जी मुले-मुली स्पर्धेला जातील त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. चिठ्ठीत कोणतीही बाजू येवो, ती जोराने मांडा. दोन्ही बाजू समजून घेणे हे चांगलेच शिक्षण आहे. पण आकडा सांगाल तेव्हा तो जिथून घेतला तो कागद तुमच्या फायलीत असू द्या. आणि प्रश्न विचारणारा उठला, आणि तुमच्याजवळ कागद नसला, तर नाही म्हणा. दोन गुण जातील. गोखल्यांचे याहून फार अधिक गेले होते.